चिखल्या जातात, नख राहतं

दिवाळीच्या सुमारास बूट बाजूला पडतात, पायात पुन्हा चप्पल येते आणि अंगठ्याकडे नजर जाते. नखाची एक कड पिवळी पडलेली, खाली भुसा साचलेला, नेलकटर लावला तर तुकडा न पडता भुगा निघतो. ओवे गावात याला कोणी आजार म्हणत नाही. ‘नख मेलंय’, ‘ठेच लागली असेल’, ‘वय झालं की होतंच’, एवढ्यावर भागतं. फारच झालं तर मेडिकलमधून एक ट्यूब येते. ट्यूब संपते, नख तसंच राहतं आणि पुढच्या पावसात शेजारचं बोटही त्याच वाटेला लागतं.

मी स्वतः याच रांगेतला. उजव्या अंगठ्याच्या नखाला दीड वर्ष बुरशीचं मलम चोळलं आणि शेवटी तपासणीत निघालं ते असं, की तिथे बुरशी नव्हतीच. आखूड बुटाचा रोजचा मार होता. तेव्हापासून नखांबद्दल सापडेल ते वाचतो, भेटेल त्या डॉक्टरला विचारतो. हा आढावा त्यातून आला आहे आणि त्यात थोडा राग मिसळलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

खारघरला लागून असलेलं ओवे हे पनवेल तालुक्यातलं जुनं भातशेतीचं गाव. १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ आलं, पनवेल-उरण पट्ट्यातल्या जमिनी नव्या मुंबईसाठी गेल्या, एका अंगाला खारघरचे टॉवर उभे राहिले आणि दुसऱ्या अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. हा सगळा इतिहास पायांकडे बघून सांगायचा तर असा: आजोबा लावणीला अनवाणी चिखलात उभे राहायचे, नातू सेफ्टी शूज घालून बारा तासांची पाळी करतो. पाऊस मात्र तोच आहे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला.

आजोबांच्या पायाला चिखल्या व्हायच्या. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरायच्या, आग व्हायची, वास यायचा. मेंदीचा लेप लावायचा, खोबरेल चोपडायचं आणि शेताचं काम आटोपलं की पाय चुलीपुढे शेकायचे. या चिखल्यांत बुरशी असते, बरोबर जिवाणूही असतात. पण पाय उरलेला वेळ उघडा असायचा, लावणी संपली की वाऱ्यावर सुकायचा आणि दुखणं बरंचसं आपोआप आवरायचं. नातवाच्या बेचकीत तीच ओल असते, फक्त ती सकाळी सात ते संध्याकाळी सात मोज्यात आणि बुटात कोंडलेली असते. तळोज्यात मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. तिथे काम करणाऱ्या बाया-पुरुषांचा दिवस तर रबरी गमबुटात, ओल्या लादीवर जातो. बेचकीतली बुरशी तिथेच मुरते आणि एक दिवस शेजारच्या नखाच्या पुढच्या कडेखाली शिरते. पायाच्या नखाची बुरशी बहुतेकदा अशीच सुरू होते: आधी बेचकी किंवा तळवा, मग नख. मलम फक्त नखाला लावणारे इथेच चुकतात.

बुटाशी या बुरशीचं नातं जुनं आहे. पायाच्या नखात सगळ्यात जास्त सापडणारी जात ट्रायकोफायटन रुब्रम. अल्डो कॅस्टेलानी या इटालियन डॉक्टरनं तिचं वर्णन १९१० मध्ये केलं. तिचं मूळ घर आग्नेय आशिया आणि आसपासचा दमट पट्टा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथले लोक अनवाणी, त्यामुळे त्यांच्या अंगावर ती गजकर्ण होऊन राहायची, पायाला फारसा त्रास द्यायची नाही. मग बूट घालणारे गोरे सैनिक, व्यापारी आणि प्रशासक आले. त्यांच्या बंद, घामेजलेल्या पायांत तिला हवं ते सगळं मिळालं. विसाव्या शतकातल्या सैन्याच्या हालचालींबरोबर आणि सार्वजनिक स्नानगृहांच्या ओल्या फरश्यांवरून ती जगभर पोचली. आता आपण बूट घालतो, तेव्हा ती आपल्याकडेही नखात उतरली आहे. हे काही बुटाविरुद्धचं भाषण नव्हे. सेफ्टी शूज नसते तर तळोज्यात किती बोटं चेंगरली असती, हे तिथल्या कामगाराला विचारा.

आता नखात नेमकं घडतं काय? नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं आणि या जातीच्या बुरश्या केराटिनवरच जगतात. पुढच्या किंवा बाजूच्या कडेखालून त्या नखाच्या गादीत शिरतात. गादी जाड होते, नख वर उचललं जातं, मधल्या पोकळीत भुसा साचतो. बुरशी वर्षानुवर्षं मागे, मुळाकडे सरकत राहते. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं नख यायला बारा ते अठरा महिने लागतात, म्हातारपणी त्याहून जास्त. उपचाराची सगळी गणितं या मंद गतीवर बेतलेली आहेत. ‘आठ दिवसांत फरक’ असं ज्या बाटलीवर लिहिलेलं असेल ती बाटली परत शेल्फवर ठेवावी.

सगळ्याच बिघडलेल्या नखांना हे लागू होत नाही, आणि इथे माझी दीड वर्षांची फजिती कामाला येते. त्वचारोगाच्या पाठ्यपुस्तकांत एक ढोबळ हिशोब असतो: बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची असतात. उरलेल्या निम्म्यांत सोरायसिस येतो, बुटाचा आणि ठेचांचा मार येतो, रक्ताभिसरणाचे त्रास येतात, म्हातारपणाचं जाड, शिंगासारखं वळलेलं नख येतं. खारघरच्या टेकडीवर पहाटे धावणाऱ्यांची काळी-निळी नखं बहुधा उतारावर बुटाच्या टोकाला आपटून झालेली असतात. आपल्या जुन्या वैद्यांना हे माहीत होतं. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘कुनख’ सांगितला आहे. नख कोरडं, काळपट, खरखरीत होतं, आणि कारण दिलं आहे आघाताचं. नखाभोवती पिकण्याला तिथे ‘चिप्प’ असं वेगळं नाव आहे. भांडी-धुण्यात दिवसभर हात ओले असणाऱ्या बायकांना हाताच्या बोटांना होणारं नखुर्डं याच गोत्रातलं. ते प्रकरण वेगळं, इथे सोडून देतो.

बुरशी नसलेल्या त्या निम्म्यांत एक फार थोड्यांना होणारा, पण चुकवून चालणार नाही असा प्रकार आहे: नखाखालचा मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग. बॉब मार्ले या जमैकन गायकाच्या पायाच्या अंगठ्याला १९७७ मध्ये तो सापडला. आधी फुटबॉलची दुखापत समजून दुर्लक्ष झालं होतं. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला. गडद कातडीच्या माणसांत मेलानोमा एकूणच दुर्मीळ असतो, पण झालाच तर तळवे, तळहात आणि नखांखाली होण्याचं प्रमाण मोठं असतं. नखात एकच काळी-तपकिरी उभी पट्टी आहे, ती रुंद होत चालली आहे, तिचा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला आहे, किंवा नख फाटून तिथून विनाकारण रक्त येतंय, असं दिसलं तर बुरशीची चर्चा तिथेच थांबवावी आणि सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही कर्करोग संस्था खारघरमध्येच आहे. ओवेकरांना टाटाच्या परळच्या रुग्णालयात खेपा माराव्या लागत नाहीत, हे एक बरं झालं.

म्हणून गोळीच्या आधी तपासणी. ती साधी आहे. नखाचा तुकडा आणि खालचा भुसा घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. निकाल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो. नेमकी जात ओळखायची तर कल्चर लावतात, त्याला तीन-चार आठवडे जातात. धागे दिसले नाहीत पण संशय कायम असेल, तर नखाच्या तुकड्यावर खास रंग टाकून पॅथॉलॉजिस्ट तपासतो. तीन पद्धतींत चुकवण्याचं प्रमाण या तिसरीत सगळ्यात कमी. भारतासारख्या उष्ण देशात ॲस्परजिलस, फ्युझेरियम अशा मातीतल्या बुरश्याही नखात सापडतात आणि त्यांना नेहमीची गोळी दाद देईलच असं नाही. तीन महिन्यांची औषधं घ्यायची तर आधी शत्रू कोण ते कळलेलं बरं. दवाखान्यात नुसतं नख बघून चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो तो यामुळेच.

औषधांची गोष्ट १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू होते. ग्रिझिओफल्विन ही पोटातून घेण्याची पहिली बुरशीनाशक गोळी तेव्हा वापरात आली. पायाच्या नखाला ती वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ द्यावी लागे आणि यश बेताचंच. नव्वदच्या दशकात टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल आली आणि चित्र बदललं. टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, पायाच्या नखासाठी बारा आठवडे. इट्राकोनॅझोल रोज बारा आठवडे देतात, किंवा महिन्यातला एक आठवडा, अशा तीन फेऱ्यांत. औषध नखात साचून राहतं, त्यामुळे गोळ्या संपल्यावरही काम चालू असतं.

यशाचे आकडे डोळे उघडे ठेवून वाचावेत. टर्बिनाफिनच्या मुख्य चाचण्यांत सुमारे ७० टक्के लोकांच्या नखातली बुरशी मेली, पण ‘बुरशी नाही आणि नखही पूर्ण चांगलं’ असं फक्त ३८ टक्क्यांचं झालं. मधल्यांचं काय? बुरशी गेली, नख मात्र आधीच इतकं वाकडं झालेलं की ते पूर्ववत आलं नाही. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नाहीतर तीन महिन्यांनी माणूस नखाकडे बघून औषधाला शिव्या देतो, तेव्हा नव्या नखाचा चौथाईही भाग बाहेर आलेला नसतो. मुळाशी स्वच्छ, गुलाबी पट्टी दिसू लागली आणि ती पुढे सरकतेय, एवढंच तेव्हा बघायचं असतं.

गोळ्या सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी करून घेणं शहाणपणाचं. दारू नियमित घेणाऱ्यांनी हे लपवू नये. टर्बिनाफिननं काहींच्या जिभेची चव जाते आणि परत यायला महिने लागतात. इट्राकोनॅझोल हृदय कमजोर असलेल्यांना चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं वाकडं आहे, आणि ॲसिडिटीची गोळी बरोबर चालू असेल तर ते पोटात नीट शोषलंच जात नाही. आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी चहासारखी घेतली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. गरोदर बाईनं नखासाठी गोळ्या घेऊ नयेत, नख थांबू शकतं. आणि किटोकोनॅझोलची पोटातून घ्यायची गोळी कोणी नखासाठी लिहिलीच तर नको म्हणावं. यकृताच्या धोक्यामुळे २०१३ मध्ये अमेरिकेनं तिचा वापर फार मर्यादित केला. तरी नखांसाठी ती लिहिली जात राहिली, तेव्हा एका रुग्णाच्या मृत्यूचा दाखला देत २०१६ मध्ये पुन्हा इशारा द्यावा लागला.

बाहेरून लावण्याचं काय? नेलपॉलिशसारखी लाखेची औषधं मिळतात. अमोरोल्फिन आठवड्यातून एक-दोनदा, सायक्लोपिरॉक्स रोज, जवळजवळ वर्षभर. सायक्लोपिरॉक्सच्या चाचण्यांत पूर्ण बरे झालेले दहा टक्क्यांच्याही आत होते. नखाची फक्त पुढची कड गेली असेल, मूळ शाबूत असेल, किंवा गोळ्या देता येत नसतील, तर लाख उपयोगी. सगळं नख गेल्यावर नुसती लाख म्हणजे भिंतीला ओल असताना वरून रंग मारणं. जाड नखासाठी एक स्वस्त, जुनी युक्ती मात्र झाकली गेली आहे: युरियाचं चाळीस टक्क्यांचं मलम बांधून नख मऊ करायचं आणि कुजलेला भाग खरवडून काढायचा. बुरशीचा भार कमी होतो, औषधाला वाट मिळते. लेझरवर मात्र खर्च करू नये, त्याच्या दाव्यांच्या मानानं पुरावा फार तोकडा आहे. नख उपटून काढूनही रोग जात नाही, नवं नख त्याच बुरशीतून उगवतं.

घरगुती उपायांत लिंबू, लसूण, व्हिनेगर, मेंदी सगळं ऐकू येतं. मेंदीतल्या रंगद्रव्यानं प्रयोगशाळेत बुरशी अडते, पण नखाखाली ते पोचतं कितपत, हा प्रश्न राहतो. शिवाय रंगलेल्या नखाखाली काय चाललंय ते डॉक्टरलाही दिसत नाही. गंमत म्हणजे विक्सवर एक छोटा अभ्यास २०११ मध्ये अमेरिकेत झाला होता. अठरा माणसांनी ४८ आठवडे रोज लावलं, पाच जण पूर्ण बरे झाले. तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये. रॉकेल, फिनेल, बॅटरीचं पाणी यांना मात्र हात लावू नका. मधुमेह्याच्या बधिर पायावर असला प्रयोग थेट जखम करतो.

आता मुख्य चिंता. ‘नखच तर आहे’ हे वाक्य निरोगी माणसानं म्हटलं तर बऱ्याच अंशी खरं आहे. दुखत नसेल, पसरत नसेल, तर न करण्याचाही पर्याय असतो. मधुमेह असलेल्यानं ते म्हणू नये. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि शहर बनत चाललेल्या गावांत हा आकडा कोणत्या दिशेनं जाणार हे सांगायला पाहणी नको. मधुमेहात पायाची संवेदना जाते, रक्तपुरवठा घटतो. जाड झालेलं नख बुटात वरून दाबलं जातं, खालच्या गादीला जखम होते आणि माणसाला ती कळतच नाही. मोज्याला डाग दिसतो तेव्हा आत पू झालेला असतो. तिथून हाडापर्यंत संसर्ग जायला वेळ लागत नाही, आणि मग चर्चा बोट वाचवायची की पाऊल, अशी होते. या साखळीची पहिली कडी दरवेळी बुरशीच असते असं नाही, पण ती कडी आपल्याला घरबसल्या दिसते.

दुसरी गुंतागुंत पावसाळ्यातली. बेचकीतल्या भेगेतून जिवाणू आत शिरतात, रात्री थंडी वाजून ताप येतो आणि सकाळी पाय गुडघ्यापर्यंत लाल, गरम, सुजलेला. जुनी माणसं याला धावरं म्हणतात, डॉक्टर सेल्युलायटिस. हत्तीपाय असलेल्यांना हे पुन्हा पुन्हा होतं आणि दर वेळी सूज थोडी वाढूनच राहते. अशा माणसाच्या चिखल्या वेळेत सुकवणं हाच मोठा उपचार. पाय असा लाल झाला आणि ताप असला, तर शेक-लेप न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिसरी गोष्ट जीवघेणी नाही, पण घरभर फिरते. पायाच्या बुरशीवरून अंतर्वस्त्र चढवताना ती जांघेत पोचते. जांघेतला नायटा पुन्हा पुन्हा उलटत असेल तर डॉक्टरांनी पायमोजे काढायला लावलेच पाहिजेत. नख हे साठ्याचं ठिकाण असतं. आणि इथे येते ती काउंटरवरची ट्यूब. तिच्यात बुरशीनाशकाबरोबर कडक स्टेरॉइड आणि प्रतिजैविक मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरते. गेल्या दशकात देशभर नायट्याची जी साथ पसरली, तिच्यामागे या मिश्रणांचा मोठा हात असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. टर्बिनाफिनला न जुमानणाऱ्या एका जातीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं, त्यातला ‘इंडो’ आपल्या देशाचा. ती मुख्यतः कातडीवर सापडते, नखात अजून रुब्रमचंच राज्य आहे. २०१८ मध्ये सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर.

नखाची बुरशी परत येण्याचं प्रमाणही मोठं आहे, बऱ्या झालेल्यांपैकी चार-पाचांत एकाला ती पुन्हा गाठते. म्हणून बेचक्या रोज कोरड्या करणं, मोजे रोज बदलून गरम पाण्यात धुणं, बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरणं. पावसात दुसरा जोड वाळत नाही ही अडचण खरी आहे. आतलं अस्तर काढून, बुटात वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवलं की बरंच काम होतं. बारा तासांच्या पाळीत मध्येच मोजे बदलायला पाच मिनिटं आणि दुसरा सेफ्टी जोड, एवढं कारखान्यांनी द्यायला काय हरकत आहे? एकेकाळी गावचा न्हावी एकाच नराणीनं सगळ्यांची नखं काढायचा. आज पार्लरमध्ये पेडिक्युअरची हत्यारं उकळतात का, ते विचारावं. घरात बाधित नखाचा नेलकटर वेगळा ठेवावा. आणि वाकता न येणाऱ्या आई-वडिलांची नखं कोण कापतं, हेही एकदा पाहावं. ते ब्लेडनं कापत असतील तर ते काम आपण घ्यावं.

तपासणीला जाणार असाल तर एक करा. आदल्या रात्री लाजेखातर नख घासून, कापून, स्वच्छ करून जाऊ नका. नेलपॉलिश तेवढी काढा आणि चालू असलेली मलमं-गोळ्या सांगा, कारण त्यांच्यामुळे बुरशी असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. डॉक्टरांना हवा असतो तो तुम्ही टाकून देणार असलेला भुसा.